बाल्टिमोरच्या बाईच्या सात रेकॉर्डी

या, असे आत या. तिकडं नको, तिथं सुताचा कचरा हाय, इकडं खाटेवर बसा. आज तुम्हाला अशी एक गोष्ट सांगतो की अर्ध्यात पोचायच्या आत तुम्ही म्हणाल, हा म्हातारा फेकतोय. म्हणा खुशाल. पण उठून जाऊ नका. ही गोष्ट भिवंडीत घडलीय. अर्धी मी डोळ्यांनी बघितली, उरलेली ज्याच्यावर बेतली त्याच्याच तोंडून ऐकली.

त्याचं नाव चिंधू तरे. भिवंडीला लागूनच्या टेमघरचा. शाळा चौथीपर्यंत, ती पण मास्तर घरी येऊन ओढून न्यायचा म्हणून. पण कापड विणायच्या लूमच्या कामात ह्या माणसाचा हात धरणारा कोण नव्हता. मिस्त्री गावात शंभर. लूम बिघडला की पाना घेऊन येतात, खोलतात, बघतात, डोकं खाजवतात. चिंधू बघायचाच न्हाय. कारखान्याच्या दारात उभा राहायचा. आत चाळीस लूम धडधडतायत, शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात न्हाय, आणि हा डोळे मिटून गप्प. मग बोट करायचा. "भिंतीकडचा तिसरा. धोटा डावीकडं उशिरा पोचतोय." धोटा म्हणजे ती लाकडाची छोटी होडी, सूत घेऊन ह्या टोकाकडून त्या टोकाला पळते ती. खोलून बघावं तर तिथंच बिघाड. कारखान्याचे मालक गुलाम हुसेन सेठ म्हणायचे, "चिंधूच्या हाताला मी कामाला ठेवला न्हाय, त्याच्या कानाला ठेवलाय."

लूमचा ठोका त्याच्या अंगातच भिनला होता. जेवताना घास त्या ठोक्यावर, बिडीचा झुरका त्या ठोक्यावर. त्याची बायको मैना वैतागायची. "माणसासारखा चाल की रं. पट्ट्यावर चढवल्यागत काय चालतोस?" हे ध्यानात ठेवा, कारण सगळा घोळ इथंच हाय.

तर १९८३ साली अब्दुर्रहमान चाचा कायमचे घरी आले. कोकणी मुसलमान, इथलेच, पण सोळाव्या वर्षी बोटीवर खलाशी म्हणून गेले ते साठीला खाली उतरले. लग्न केलं न्हाय. घरात धाकटी बहीण सालेहा. बिचारी लवकर विधवा झाली, आणि जीभ अशी की कैरी कापावी. तिच्याकडं चाचांची एक पत्र्याची पेटी तीस वर्षं पडून होती. हात लावायचा न्हाय अशी ताकीद. चाचा घरी राहायला आले आणि पहिल्याच आठवड्यात चार लोकांसमोर त्यांनी ती पेटी उघडली. आत पांढरी चादर, कडक इस्त्रीची. चादरीच्या घड्यांत सात काळ्या रेकॉर्डी. जाड, जड, जुन्या जमान्यातल्या. मधल्या गोल कागदावर काही छापलेलं न्हाय, कोरा पांढरा कागद. नाव न्हाय, गाव न्हाय.

आणि मग चाचांनी सांगितलेली हकिकत. कोपऱ्यावरच्या हॉटेलात ती त्यांनी इतक्या वेळा सांगितली की पोरंठोरंसुद्धा बोलून दाखवायची.

साल एक्कावन्न. चाचांची बोट अमेरिकेत बाल्टिमोर बंदरात बंद पडली. इंजिनाचं सामान येईस्तोवर बावीस दिवस मुक्काम. साहेबलोकांच्या चादरी लॉन्ड्रीत पोचवायचं काम चाचांकडं. त्या लॉन्ड्रीत एक काळी बाई इस्त्री करायची. नाव लविनिया टिब्स. हातात पाच शेरांची लोखंडी इस्त्री. ती इस्त्री टेबलावर आदळायची आणि त्या आदळण्यावर गाणं म्हणायची. दुसऱ्या कोणाचं न्हाय, तिचंच. स्वतः रचलेलं, स्वतः चाल बांधलेली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत कोपऱ्यातल्या मोडक्या पियानोवर बसायची. अर्ध्या पट्ट्या मेलेल्या, तर उरलेल्या अर्ध्यांवरच चाल बसवायची. तेव्हा त्या लोकांत नवीन तऱ्हेचं गाणं निघालं होतं, पाय जमिनीवर राहू देत न्हाय असलं. रिदम अँड ब्लूज म्हणतात त्याला. चाचा नुसतं 'रिदम' म्हणायचे.

तर तिची गाणी एका कंपनीवाल्यानं घेतली. आधी तिच्याच गळ्यातून कच्च्या रेकॉर्डी काढल्या. का? तर नावाजलेल्या गवयाला चाल पाठ करायला. मग तीच गाणी त्या गवयाच्या आवाजात बाजारात गेली आणि गाणं रचणारा म्हणून नाव लागलं तिसऱ्याच माणसाचं. तिच्या कच्च्या रेकॉर्डी फोडून टाकायचा हुकूम झाला. सात तिनं चादरीत गुंडाळून लपवल्या. बोट निघायच्या दिवशी ते गाठोडं तिनं चाचांच्या हातात दिलं. म्हणाली, "इकडं मला कोणी वाजवणार न्हाय. तू तुझ्या गावी ने. एकदा, फक्त एकदा, चार माणसांत वाजव. कोणीतरी ऐकलं एवढं मला पुरे." चाचांनी जबान दिली.

आता तीस वर्षं का न्हाय वाजवल्या? तर दहा महिने समुद्रावर, दोन महिने घरी, आणि वाजवायचं मशीन कुठं होतं? म्हणून घरी बसल्यावर चाचांनी पहिली गोष्ट काय केली, तर मुंबईला चोर बाजारात जाऊन भोंग्याचं एक जुनं ग्रामोफोन आणलं. बाहेरून झकास. आतली स्प्रिंग मेलेली. चावी फिरवा, गोल गोल फिरते, तबकडी हलत न्हाय. मग मोहल्ल्यात मशीन म्हटलं की एकच नाव. चिंधू.

चिंधूनं दोन दिवसांत काम केलं. स्प्रिंग काढून फेकली. सुताची कांडी भरायच्या मशीनची जुनी मोटार बसवली, तिच्यावर पुली, पुलीवरून पट्टा, पट्ट्यानं तबकडी फिरते. आता फिरवायची किती जोरात? हे त्याला कोण सांगणार? चाचांनी ती गाणी ऐकली होती बाईच्या तोंडून, मशीनवर कधीच न्हाय. चिंधूनं मग स्वतःच्या अकलेनं केलं. एक रेकॉर्ड लावली, सुई ठेवली, गळा सुरू व्हायच्या आतला नुसता ढोलाचा ठोका ऐकला आणि पुली कमीजास्त करत राहिला. बारा तासांची ड्युटी करून आला होता, अंगात लूम चालूच होता. गाण्याचा ठोका त्या ठोक्यावर बरोबर बसला तसा खूश झाला. "बस! आता नीट चाललंय." त्याच्या लेखी जगात नीट चालण्याची एकच चाल होती.

एखादी जुनी हिंदी रेकॉर्ड लावून बघितली असती तर एका मिनिटात उजेड पडला असता. पण तेव्हा घरोघरी कॅसेटी आलेल्या. असली जाड रेकॉर्ड कोणाकडं उरलीच नव्हती.

शुक्रवार होता, लूम बंद. चाचांच्या ओट्यावर साठसत्तर माणूस. जागा न्हाय म्हणून पोरं भिंतीवर. चाचा नवीन कुर्ता घालून, अत्तर लावून. उभे राहून म्हणाले, "आता ऐका. बाल्टिमोरची लविनियाबाई."

चिंधूनं सुई ठेवली. खरखर झाली, ढोल वाजला, पियानो वाजला. आणि बाप्या गायला लागला.

जाड, खोल, विहिरीतून आल्यासारखा पुरुषाचा आवाज.

साठसत्तर माना चाचांकडं वळल्या. मग गुलाम हुसेन सेठ, स्वभावानं वाईट न्हाय पण तोंडाला लगाम न्हाय, मागून म्हणाले, "चाचा, तुमच्या बाईला सर्दी झालीय काय?"

झालं. सगळा ओटा फुटला. "चाचा, दाढी करायची का बाई?" "बावीस दिवसांत नीट बघितलंच न्हाय वाटतं!" एकानं तर विचारलं, "इस्त्री तरी होती ना, का ती पण न्हाय?" चाचांनी दुसरी रेकॉर्ड लावायला सांगितली. बाप्या. तिसरी. बाप्या. सातही. चाल तीच, चाचांना पाठ होती. शब्द तेच. गळा तिचा न्हाय.

चाचा तसेच आत गेले. त्या दिवसापासून हॉटेलात जाऊन बाल्टिमोरचं नाव त्यांनी काढलं न्हाय. लोकांनी मात्र काढलं. कोणी थाप मारली की म्हणायचे, "चाचांची बाई!" दहा वर्षं. मोहल्ल्यात थापेला तेच नाव पडलं.

चिंधूला मात्र त्या गाण्यांनी धरलं. दर शुक्रवारी सकाळी टेमघरहून सायकल मारत यायचा, मशीनवरची चादर काढायचा आणि बसायचा. इंग्रजी त्याला कळत न्हाय. पण ठोका कळतो ना. मला सांगायचा, "आरं, ढोल चारदा पडतो. तीनदा येळेवर. चौथ्याला तो गवई थांबतो. एवढासा. लूम असा थांबला तर सूत तुटतं, कापड फुकट जातं. ह्याचं सूत तुटत न्हाय. ताणतो, ताणतो, आन मग सोडतो. कसं करतो रं? कोणी शिकवलं असंल?" चौथ्या रेकॉर्डीत मधेच तो गवई हुंदका द्यायचा. खोल, लांब. तिथं चिंधूच्या डोळ्यांना पाणी यायचं, दर वेळी.

चाचा ऐकायला बसायचे न्हाईत. दुसऱ्या खोलीत पेपर धरून बसायचे. एकदाच चिंधूला म्हणाले, "चिंधू, दोनच गोष्टी असू शकतात. एक तर तिनं मला दुसऱ्याचंच गाठोडं दिलं. न्हायतर ती बाई नव्हतीच. समुद्रावर माणसाला काय काय दिसतं. मी तिला डोक्यातच बनवली असेन." सालेहाबी आतून ओरडली, "बनवायचीच होती तर जरा गोरी तरी बनवायची!" चाचा हसले न्हाईत.

असं करत करत १९९४ आलं. चाचांचा हजचा नंबर लागला. बोटीनं जायचं होतं. आयुष्य बोटीवर गेलेला माणूस, आता पहिल्यांदा पॅसिंजर म्हणून चढणार.

आता हजला जाणारा माणूस काय करतो, तुम्हाला ठाऊक असेल. घरोघर जातो, हात जोडतो, म्हणतो, कहासुना माफ करा. कोणाला वाकडं बोललो असेन, कोणाचं मन दुखवलं असेन, कोणाशी खोटं बोललो असेन, तर मोकळा करा. ते ओझं घेऊन तिथं जायचं न्हाय. चाचा आठवडाभर दारोदार फिरत होते. आणि गुरुवारी त्यांनी चिंधूला सांगितलं, "उद्या जुम्म्याच्या नमाजानंतर गुलाम हुसेनच्या कारखान्यासमोर सगळे जमणार. तिथं सांगून टाकतो."

"काय सांगून टाकता?"

"बाईची गोष्ट खोटी होती म्हणून."

चिंधू म्हणाला, "चाचा, पन ती खोटी हाय का?"

"मला ठाऊक न्हाय, चिंधू. तेच तर. ज्या गोष्टीची माझीच खात्री न्हाय ती खरी म्हणून डोक्यावर घेऊन मी अल्लाच्या घरात कसा शिरू? त्यापेक्षा खोटी म्हणतो आणि मोकळा होतो."

चिंधू सायकल काढून निघाला. मैनाला घरी जाऊन म्हणाला, "म्हातारा स्वतःच्या तोंडानं स्वतःला लबाड म्हननार हाय." मैना म्हणाली, "मग तू काय करनार? तू काय बाल्टिमोरला जातोस?" चिंधूला त्या दिवशी भाकर गोड लागली न्हाय.

आता मधे एक गोष्ट सांगायची राहिली. त्याच्या दोनेक महिने आधी चिंधूनं काम बदललं होतं. मानकोलीकडं एका नव्या मालकानं नवीन तऱ्हेचे लूम बसवले होते, जलद पळणारे. जुना लूम मिनिटाला सव्वाशे ठोके मारायचा, हे नवीन पावणेदोनशे. नवा मालक शुक्रवारी पण दुरुस्तीला बोलवायचा, म्हणून दोन महिने चाचांकडं येऊन गाणी ऐकणं सुटलं होतं. पहिला महिना चिंधूचं डोकं दुखायचं. मग हळूहळू अंगात बसलं. मैना म्हणायला लागली, "आता काय धावत जेवतोस? पाठी कोन लागलंय?"

शुक्रवारी सकाळी तो चाचांकडं आला. चाचा घरी नव्हते, शेवटची चार घरं राहिली होती ती करायला गेले होते. चिंधूनं चादर काढली. म्हणाला, शेवटची ऐकून घेतो, आज दुपारनंतर ह्या गाण्यांची इज्जतच जाणार. चौथी रेकॉर्ड लावली. सुई ठेवली.

आणि बसला तसाच ताठ झाला. दारात उभा राहून लूम ऐकतो तसे डोळे मिटले.

"लंगडतंय."

दहा वर्षं ऐकलेलं गाणं, आणि आज त्याला ते चिखलातून चालल्यासारखं वाटायला लागलं. मशीन बिघडलं असेल म्हणून पट्टा बघितला. ठीक. मोटार बघितली. ठीक. मग त्यानं ते केलं जे दहा वर्षांपूर्वी केलं होतं, बिलकुल तेच. पिशवीतून एक मोठी पुली काढली, मोटारीवर चढवली आणि पायानं ठेका धरला. नव्या लूमचा ठेका. गाण्याचा ठोका त्या ठेक्यावर येईस्तोवर पुली बदलली. दुसऱ्या पुलीला बसला.

सुई ठेवली.

चिंधू सांगतो, आजही सांगताना त्याच्या हातावर काटा येतो, की पहिल्यांदा त्याला वाटलं खोलीत कोणीतरी आलं. त्यानं मागं वळून बघितलं. आतून सालेहाबी पिठाचे हात घेऊन धावत आली. "कोण बाई आली रे घरात?"

बाई गात होती.

तरणी, धारदार, भरल्या गळ्याची बाई. तो जाड ढोल आता ढोल राहिला नव्हता, उड्या मारत होता. पियानो पळत होता आणि ती त्याच्या पुढं. तोच चौथा ठोका आला आणि ती थांबली. तेच थांबणं, दहा वर्षं ऐकलेलं, पण आता इतकुसं की डोळ्याची पापणी लवावी. एवढ्याशा फटीत तिनं सूत ताणलं आणि सोडलं, आणि चिंधू पाय आपटत उभा राहिला. सालेहाबी पिठाचे हात तसेच वर धरून उभी. सत्तरीला टेकलेली बाई, तिचा पाय हलत होता. तिला कळलं पण न्हाय.

आणि मग ती जागा आली, हुंदक्याची.

हुंदका नव्हताच तो. ती हसत होती. गाता गाता मधेच तिला हसू आलं होतं, मोकळं, खळखळून, आणि हसतच तिनं पुढची ओळ उचलली होती. चिंधू मटकन खाली बसला. दहा वर्षं ज्याच्यावर रडलो ते हसू होतं. त्या लॉन्ड्रीत पाच शेरांची इस्त्री मारून, गाणं दुसऱ्या गवयासाठी गाऊन, ही बाई हसत होती.

"सालेहाबी," तो म्हणाला, "बाई खरी हाय."

"मग बसलास काय, मुडद्या! नमाज सुटली असेल!"

एक हातगाडी रस्त्यात उभी होती. कोणाची होती देव जाणे. तिच्यावर मशीन, मोटार, चादरीत बांधलेल्या रेकॉर्डी. चिंधू गाडी ओढतोय, सालेहाबी पिठाचे हात ओढणीला पुसत मागून धरतेय आणि ओरडतेय, "हळू! खड्डा हाय! हळू, बाई हाय आत!"

गुलाम हुसेनच्या कारखान्यासमोर शंभरावर माणूस. मी पण होतो तिथं, खोटं कशाला सांगू, त्या दहा वर्षांत मी पण हसलो होतो. चाचा पायरीवर उभे. पांढरे कपडे, हात जोडलेले. म्हणत होते, "भाईंनो, सगळ्यांनी मला माफ केलं, अल्ला तुमचं भलं करो. आता एक गोष्ट राहिली. मी तुम्हाला एका बाईबद्दल सांगितलं होतं. ती गोष्ट..."

"चाचा! तोंड उघडू नका!"

सगळे वळले. घामानं निथळत चिंधू, मागं हातगाडी.

गुलाम हुसेन सेठ म्हणाले, "चिंध्या, हजला चाललेल्या माणसाला तोंड उघडू नको म्हणतोस? भांग घेतलीस काय?"

चिंधू सरळ पायरीशी गेला आणि चाचांचे जोडलेले हात आपल्या हातांत धरले. "चाचा, तुमी माफी मागू नका. मना मागायची हाय. गुन्हा माझा हाय. तुमची बाई मी बाप्या केली. मशीन मी जुन्या लूमच्या ठोक्यावर बसवलं, तबकडी हळू फिरली, आवाज जाड झाला. दहा वर्षं मी तिला लूमला जुंपली, म्हनून तिचा गला बसला. मना माफ करा."

कोणाला काही समजलं न्हाय. चाचांना तर बिलकुल न्हाय. ते त्याच्याकडं बघत राहिले, ताप आलेल्या माणसाकडं बघावं तसे. चिंधूनं कारखान्यातून वायर ओढली, मशीन पायरीवर ठेवलं, सुई ठेवली.

लूम बंद होते. भिवंडीत शुक्रवारी दुपारी जी शांतता असते ती दुसऱ्या कुठल्या गावाला मिळत न्हाय, कारण आठवडाभराच्या खडखडाटानंतर ती कानाला लागते. त्या शांततेत ती बाई गायली.

सांगू कसं? शंभर माणूस जागच्या जागी उभा. विडी पेटवत होता त्याच्या बोटाला काडीचा चटका बसला तरी त्यानं हात झटकला न्हाय. वरच्या खिडक्या उघडल्या, बायका बाहेर वाकल्या. आमच्यात एक रामनाथ होता, बनारसकडचा, लूम चालवायचा. तो तोंडावर हात ठेवून म्हणाला, "अरे बाप रे, ये तो सचमुच औरत है!" कोणीतरी त्याला चूप म्हणाला. त्या बाईचा एक शब्द आम्हाला कळत नव्हता. पण दिवसभर हातानं राबलेल्या माणसाचं गाणं होतं ते, हे सांगायला कोणाची गरज नव्हती. आम्ही सगळे लूमवाले. ठोक्यावर जगतो. त्या ठोक्यातून कापड निघतं हे आम्हाला ठाऊक होतं. त्यातून असलं काही निघू शकतं हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मी चाचांकडं बघत होतो. ते हललेच न्हाईत. गाणं हसण्याच्या जागेला आलं, ती हसली, आणि चाचांनी हळूच मान हलवली, घरातलं माणूस ओळखल्यासारखी.

"अशीच," ते म्हणाले. "बोट भाजलं की अशीच हसायची."

आणि पायरीवर बसले, गुडघ्यांना मिठी मारून, लहान पोर बसतं तसे.

गाणं संपलं. सुई खरखरत राहिली. गुलाम हुसेन सेठ पुढं आले. सगळ्यात आधी हसलेला माणूस. चाचांसमोर वाकले आणि म्हणाले, "चाचा, कहासुना तुमचं न्हाय, माझं. मोकळा करा मला." मग एकेक करून सगळे. हजला जाणारा म्हातारा बसलेला आणि सगळा मोहल्ला त्याच्यापुढं रांगेत, असा उलटा माफीनामा मी तर कधी बघितला नव्हता.

शेवटी चिंधू. चाचांनी त्याच्याकडं बघितलं. "माफ? दहा वर्षं एका बाईला बाप्या करून ठेवलीस, मला वेडा करून ठेवलास, आणि माफ?" चिंधूची मान खाली. मग चाचा उठले आणि त्याला असा आवळला की चिंधूची टोपी पडली. "केलं! पण त्या पुलीला परत हात लावलास तर बघ. आता बाकीच्या सहा लाव. तिनं 'एकदा, चार माणसांत' म्हटलं होतं. मोज, किती हायत."

सहाही वाजल्या. त्यातली एक संथ होती. ती लागली तसे वरच्या खिडक्यांतल्या बायका रडायला लागल्या, आणि ह्या वेळी ते खरंच रडण्याचं गाणं होतं. मग कोणीतरी विचारलं, चाचा, नाव काय म्हणालात बाईचं? चाचांनी सांगितलं. लविनिया टिब्स. शंभर माणसांनी ते आपापल्या तोंडात घोळवून बघितलं. कोण लवीना म्हणाला, कोण लवण्या. चाचा दुरुस्त करत बसले न्हाईत.

हजहून आल्यावर चाचा म्हणाले, तिथं तिच्यासाठी पण दुवा मागितली, जिवंत असेल तर जिवंतासाठी, गेली असेल तर गेलेलीसाठी. पुढं चार वर्षं जगले. ते गेल्यावर सालेहाबीनं मशीन आणि रेकॉर्डी टेमघरला चिंधूकडं पाठवून दिल्या. निरोप एवढाच, घरात दुसरी बाई नको.

हे घर चिंधूचंच, आणि ते मशीन हेच. ह्या खाटेच्या पलीकडं चादरीखाली हाय ते. आणि हा आला बघा चिंधू, हाच तो. कान बघून घ्या त्याचे. चिंधू, पाहुणे लांबून आलेत, चौथी लाव. आज शुक्रवार, बाहेर सगळं बंद हाय, बरा मोका हाय. आता तीन मिनिटं काही विचारू नका. आणि भाऊ, तुमच्या डोक्याशी बटण हाय बघा, तेवढा पंखा बंद करा.